पर्यायी संगणक केंद्र: शहरातच की दूरच्या शहरात?

मुख्य संगणक केंद्र बंद पडल्यास उपयोगी पडणारे पर्यायी केंद्र त्याच शहरात असावे की शेकडो किलोमीटर दूर, हा प्रश्न अनेक संस्था केवळ खर्च पाहून सोडवतात. जवळच्या केंद्रात प्रत्येक नोंद त्याच क्षणी उतरवता येते, त्यामुळे माहिती सहसा गमावली जात नाही आणि अनुभवी कर्मचारीही तेथे लवकर पोहोचतात. अर्थात, रस्ते चालू असतील तर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतल्या मुंबईत अशी पर्यायी सोय असून नसल्यासारखीच ठरली असती.

दूरचे केंद्र अशा संकटातून सुटते. परंतु अंतरामुळे तेथील नोंदी किंचित मागे राहतात आणि काही व्यवहार हरवतील या धास्तीने काम तिकडे हलवण्याचा निर्णयच लांबतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सुमारे चार तास थांबले, तरीही कामकाज दूरच्या केंद्रावर नेले गेले नाही. त्यानंतर शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने अशा निर्णयासाठी मिनिटांत मोजली जाणारी कालमर्यादा घातली.

माझ्या मते दूरचे केंद्रच निवडावे, मात्र वर्षातून काही दिवस नेहमीचे कामकाज प्रत्यक्ष तेथूनच चालवण्याची तयारी असेल तरच.