अकूस्टिक कॅमेरा घेताय? आधी स्क्रीन हाताळून बघा

कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधायला अकूस्टिक कॅमेरा (आवाज कुठून येतोय ते चित्रावर रंगाच्या डागाने दाखवणारा) घ्यायचा ठरला, की कोटेशनमध्ये पहिली नजर मायक्रोफोनच्या आकड्यावर जाते. फ्लूक आयआय ९०० या कॅमेऱ्यात ६४, फ्लिर एसआय १२४ मध्ये नावाप्रमाणेच १२४. मग दुप्पटवाला भारी, असा हिशोब होतो. मेंटेनन्समध्ये रोज लाइनवर फिरणाऱ्यासाठी माझ्या मते निर्णय दुसरीकडे आहे: आवाजाचा पट्टा, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी ऐकायची ते, कोण निवडतं आणि टिपलेला फोटो पुढे कुठे जातो.

आधी पट्टा. आयआय ९०० ची स्क्रीन ७ इंची, टचची. त्यावर आवाजाचा आलेख दिसतो आणि २ ते ५२ किलोहर्ट्‌झमधला कुठला भाग ऐकायचा ते बोटाने ठरवता येतं. याचं महत्त्व प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून घडवणाऱ्या मशीनच्या शेडमध्ये, कळतं. पूर्ण पट्टा उघडा ठेवून उभा राहिलो, तर रंगाचे डाग अख्ख्या स्क्रीनवर नाचत होते. खालची हद्द सरकवत ३० किलोहर्ट्‌झच्या वर नेली, तसा मशीनचा दणदणाट गळून पडला आणि समोरच्या पत्र्याच्या गार्डवर एकच डाग उरला. गळतीची खूण म्हणून टॅग लावायला जाण्याआधी दोन पावलं डावीकडे सरकलो. डागही गार्डवर सरकला. म्हणजे ते पत्र्यावरून परतलेल्या आवाजाचं प्रतिबिंब! खरी गळती माझ्या पाठीमागच्या खांबावर, एफआरएलच्या (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) वाटीखाली होती. साबणाचं पाणी मारल्यावर बुडबुडे आले.

यामागचं कारण साधं आहे. २ किलोहर्ट्‌झच्या आवाजाची तरंगलांबी सुमारे १७ सेंटीमीटर, ३५ ला जेमतेम १ सेंटीमीटर. वरच्या पट्ट्यात डाग बारीक होतो, बोट ठेवावं इतका. गळतीचा फुसफुसाट तिथवर पोचतो, मशीनचा बराचसा गोंगाट पोचत नाही.

एसआय १२४ चा कल वेगळा आहे. गाळणी लावायचं बरंचसं काम कॅमेरा स्वतः करतो, गळती किती आणि वर्षाला किती पैशाची याचा अंदाजही समोर मांडतो. नवीन मुलाच्या हातात दिला तर तो तासाभरात कामाला लागेल. वजनही किलोभरच, एका हाताने धरून शिडीवर चढता येतं. आयआय ९०० साधारण पावणेदोन किलोचा आहे आणि तो दोन हातांनीच नीट धरला जातो. तरी मला वाटतं, गळती शोधायला शिकणाऱ्याने निदान पहिले सहा महिने पट्टा स्वतः सरकवावा. प्रतिबिंब ओळखायची नजर त्यातूनच बसते.

पैशाच्या आकड्याबद्दल एक सांगतो. तो विजेचा दर आणि कॉम्प्रेसरची माहिती यांवर बेतलेला अंदाज असतो. तुमच्या बिलातला दर भरल्याशिवाय तो साहेबांपुढे ठेवू नका. फ्लूकमध्ये लीकक्यू नावाची, गळती किती मोठी ते सांगणारी ० ते १० ची मोजपट्टी आहे. कुठली गळती आधी बुजवायची हे ठरवायला मला ती पुरते.

आता फोटोचा प्रवास. एसआय १२४ वायफायवरून फोटो क्लाउडवर चढवतो आणि तिथे विश्लेषण, रिपोर्ट होतो. नेटवर्क मोकळं असेल तर ही मोठी सोय आहे. पण एका कारखान्यात शॉप फ्लोअरवर बाहेरचं कुठलंही उपकरण नेटला जोडायला मनाई होती. परवानगीचा अर्ज फिरत राहिला आणि टॅग लावायचा आठवडा निघून गेला. आयआय ९०० चे फोटो यूएसबी-सी केबलने उतरतात, पण त्याचा रिपोर्ट बनवायचं साधनही वेबवरच आहे. त्यामुळे कुठलाही घ्या, आयटीवाल्यांना ऑर्डरआधीच गाठा.

टॅगबाबत माझी सवय: बटण दाबण्याआधी नंबरचा टॅग गळतीशेजारी लटकवायचा आणि तो फ्रेममध्ये घ्यायचा. दीडशे फोटोंत पाइप जोडणारे सगळे कपलर सारखेच दिसतात.

स्विचयार्डवाल्यांना, म्हणजे विजेच्या उपकेंद्रात काम करणाऱ्यांना मात्र हा सगळा विचार लागू नाही. तिथे पार्शल डिस्चार्ज, म्हणजे कमकुवत इन्सुलेशनपाशी होणारी छोटी विद्युत ठिणगी, शोधायचा असतो. एसआय १२४ चं सॉफ्टवेअर करोना (हवेत होणारा), पृष्ठभागावरचा की फ्लोटिंग (नीट न जोडलेल्या धातूच्या भागाचा) डिस्चार्ज हे वेगळं काढून सांगतं. आयआय ९०० त्या कामाचा नाही, फ्लूकमध्ये त्यासाठी १०० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकणारा आयआय ९१० आहे.

हवेच्या लाइनसाठी मी पट्टा हातात देणारी मोठी स्क्रीनच घेईन. डेमो मागवाल तो रविवारच्या शांत शेडमध्ये नको, चालू दुसऱ्या शिफ्टमध्ये मागवा. आणि कॅमेरा शिफ्टच्या फिटरला द्या, हातमोजे घातलेले असतानाच.