छोटी लेथ, खारा वारा आणि फणसाची बशी : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

दिवाळीत घेतलेल्या बेंचवरच्या छोट्या लेथने (लाकूड फिरवून कातायच्या यंत्राने) आता आमच्याकडचा अख्खा पावसाळा काढला, म्हणून लिहायला बसले. मोटर अर्ध्या एचपीची, दहा इंच व्यासाचं लाकूड फिरेल एवढी जागा आणि वेग कमीजास्त करायचं बटण. मी मालवणजवळ राहते, लेथ पडवीत आहे, करते त्या सहा इंचांच्या आतल्या बशा नि वाडगे. एवढ्याला ही भरपूर पुरते.

सोबत मिळालेल्या पटाश्या मात्र जेमतेम होत्या. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते, आणि नवख्याला वाटतं मोटरच कमी पडतेय. त्यामुळे बजेट आखताना धार लावायचा ग्राइंडर आणि एक चांगली गोल पटाशी आधी धरा, जास्त ताकदीची मोटर नंतर. धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर आधी टेकवायचा, मग मूठ हळूच उचलायची. उताराच्या आधारावरच धार लाकडात शिरते. लांब सालपट निघालं तर काम बरोबर चाललंय. नुसता भुसा पडायला लागला की थांबून धार लावा.

माझी आवडती बशी फणसाची आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात परड्यातला फणस आडवा झाला, त्याच्या फळ्या माळ्यावर वाळत होत्या. कातल्यावर पिवळाधमक रंग निघाला. उजेडात राहून तो हळूहळू तांबूस-तपकिरी होतोय आणि मला तो जास्त आवडतो. बशीत लाकडाच्या रेषा आडव्या असतात, म्हणून बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून मध्याकडे कापायचं. उलट गेलात तर रेषा उचकटतात, मग पॉलिशपेपरने कितीही घासा. वेगाचा ठोकताळा असा: इंचांतला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे 6000 ते 9000 च्या दरम्यान, म्हणजे सहा इंची बशीला 1000 ते 1500. ओबडधोबड तुकडा गोल होईपर्यंत मात्र सगळ्यात कमी वेग. तोंडावर शील्ड आणि नाकाला मास्क कायम.

ओल्या आंब्याची गोष्ट वेगळी. तो लोण्यासारखा कापला जातो, पण वाळताना आखडतो नि बशी अंडाकृती होते. आधी जाड कातायची, भिंत व्यासाच्या साधारण एक दशांश ठेवून. रेषा जिथे तुटतात त्या दोन बाजूंना मेण लावून कागदी पिशवीत ठेवायची. आमच्या दमट हवेत पावसाळ्यात वाळणं जवळपास थांबतं. म्हणून मी आता जाड काताई पावसात करते आणि शेवटचा हात मार्चात. हीच बशी कोरड्या हवेत, घाटावर, पाठवायची असेल तर आणखी थांबा.

कोकणात लेथ घ्यायची तर खरी परीक्षा गंजाची. बेड, म्हणजे लेथचा खालचा आडवा पाया, ओतीव लोखंडाचा आहे, आणि ओल्या लाकडाची सालपटं रात्रभर त्यावर पडून राहिली की सकाळी तिथे डाग. काम झालं की ब्रश, कोरडं फडकं, मग शिवणयंत्राच्या तेलाचा हात, आठवड्याला मेण. टूलरेस्टही (पटाशी टेकवायचा आधार) त्याने छान सरकतं. चकच्या, म्हणजे लाकूड पकडणाऱ्या भागाच्या, दाढांच्या खाचा विसरू नका.

संध्याकाळी व्होल्टेज पडलं की जाड कापाला मोटर दबते. सकाळी काम केलं की तक्रार नाही.

बशीवर खोबरेल लावू नका. ते वाळत नाही आणि पुढे खवट वास येऊ शकतो. मी औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं मेण वितळवून लावते. काठावर रंगीत पट्टा हवा असेल तर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरा; घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. लहानपणापासून सावंतवाडीच्या चितार आळीत रंगीत खेळणी बघत आले, त्यामुळे हा पट्टा मला हवाच होता. लाख उष्णतेने मऊ होते, तेव्हा गरम पदार्थ नको. काजूगर, सुकी कोकमं ठेवायला उत्तम.

मोठी ताटं करायची असतील तर ही घेऊ नका. बशा, वाडगे, लाटणी, भोवरे यांसाठी डोळे मिटून घ्या, आणि चार दाढांचा चक त्याच वेळी मागवा.