रेझिस्टरलाही २४ टक्के चरबी!

अंगातल्या चरबीची टक्केवारी दाखवणारा हा वजनकाटा मी चरबी बघायला घेतलेलाच नाही. याच्या ॲपमध्ये बॉडी फॅटच्या खाली बारीक अक्षरांत इम्पीडन्स, म्हणजे शरीर विजेला करतं तो रोध, ओहममध्ये दिसतो, तेवढ्यासाठी घेतला.

साध्या मल्टिमीटरने शरीराचा रोध मोजून बघा. प्रोब चिमटीत धरले की आकडा लाखांत, जरा दाबले की धाडकन खाली, बोटं ओली केली की आणखी खाली. मोजली जाते ती मुख्यतः कातडी. या काट्यावर चार पट्ट्या आहेत. दोन करंट सोडतात, उरलेल्या दोन फक्त व्होल्टेज वाचतात. त्या वाचणाऱ्या वाटेने करंट जवळपास जातच नाही, म्हणून कातडीची लुडबुड मापात फारशी येत नाही. करंट एक मिलिॲम्पिअरच्या आत, फ्रीक्वेन्सी ५० किलोहर्ट्झ.

माणसाआधी काट्याचीच परीक्षा घेतली. ४९९ ओहमचा, एक टक्का टॉलरन्सचा (म्हणजे आकडा फार तर एक टक्का इकडेतिकडे) मेटल फिल्म रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग, घेतला. एक टोक डावीकडच्या दोन्ही पट्ट्यांना, दुसरं उजवीकडच्या. वजनाशिवाय काटा जागाच होत नाही, म्हणून वर कोरडी लाकडी फळी आणि तिच्यावर डंबेलच्या चकत्या. रीडिंग ५०३. मग व्होल्टेजच्या एका वायरीत मुद्दाम एक किलोओहम घातला, तरी आकडा जेमतेम हलला. इथे मी खूश.

आता गंमत. ॲपने त्या रेझिस्टरला २४ टक्के चरबी बहाल केली! प्रोफाइलमध्ये वय तिसाचं साठ केलं, तर रेझिस्टर आणखी सुटला. ॲथलीट मोड लावला, लगेच सडपातळ. ओहम मात्र तेच. म्हणजे मोजमाप एकच, बाकी उंची, वजन, वय, लिंग घालून केलेलं गणित. त्या गणितावर डाएट ठरवणाऱ्यांना माझा नमस्कार.

शिवाय करंट एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. पोटाचा त्यात वाटा नगण्य, आणि लोकांना काळजी नेमकी पोटाची. मांड्या एकमेकींना चिकटल्या तर करंटला आडवाट मिळते, रीडिंग घसरतं. दिवसभर उभं राहून पायांत पाणी उतरलं तरी तेच. त्यामुळे सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, पाय फाकवून, रोज तसंच उभं राहायचं, आणि बघायचे ते ओहम.

खरी तक्रार ॲपबद्दल आहे. लागोपाठ दोनदा उभं राहिलं की दुसऱ्यांदा तोच आकडा दशांशासकट परत येतो. इतकं एकसारखं खरं माप कधी येत नाही, जुनंच रीडिंग पुढे ढकलतात. मध्ये फळी-रेझिस्टरचं वेगळं रीडिंग घेतलं की मगच नवा आकडा मिळतो. ओहमची नोंद फाइलमध्ये काढायची सोयही नाही, वहीत उतरवा.

पेसमेकर असेल तर यावर उभं राहू नका, हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत हवं होतं. हार्डवेअरला चार स्टार, ॲपला एक.