सांगलीतील एक हृदय पुनर्वसन केंद्र : ज्येष्ठ रुग्णांच्या दृष्टीने

माझ्या वडिलांची (वय 71) अँजिओप्लास्टी मिरजेत झाली. डिस्चार्जच्या कागदावर ‘रोज चालणे’ असे स्वच्छ लिहिलेले असूनही पुढचे कित्येक आठवडे ते फाटकाबाहेर पडले नाहीत. जिना चढताना जराशी धाप लागली की ते पायरीवरच बसत, आणि आई जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन धावत येई. छातीत काहीच दुखत नाही, एवढे सांगूनही दोघांचे समाधान होत नसे. अखेर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून सांगली-मिरज रस्त्यालगतच्या एका हृदय पुनर्वसन केंद्रात त्यांचे नाव घातले.

या केंद्राची जमेची बाजू म्हणजे तिथे यंत्रांच्या आधी भीतीची दखल घेतली जाते. पहिल्या दिवशी वडिलांकडून टॅम्पा स्केल नावाची प्रश्नावली भरून घेतली. मुळात जुनाट दुखणे असलेल्यांसाठी तयार झालेल्या या प्रश्नावलीत 17 विधाने असतात, गुण 17 ते 68 यांच्या दरम्यान येतात आणि 37 च्या वर गेल्यास हालचालीची भीती जास्त आहे असे सामान्यतः मानतात. वडिलांचे गुण बरेच वर होते. माणूस धापेला घाबरून बसून राहतो, बसून राहिल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात, मग पूर्वीपेक्षा कमी श्रमात धाप लागते आणि भीती खरी होती असे त्याला वाटू लागते, हे चक्र तिथल्या फिजिओथेरपिस्टने त्यांना कागदावर काढून दाखवले.

त्यानंतर बोळात दोन शंकू ठेवून सहा मिनिटे चालण्याची चाचणी झाली आणि मग ट्रेडमिल. वडिलांनी ट्रेडमिलचा कठडा इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरे पांढरी पडली होती. “काका, एक-एक बोट सोडा, मी इथंच आहे,” असे म्हणत त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने पट्टा अगदी संथ ठेवला आणि नजर मॉनिटरवर न ठेवता वडिलांच्या चेहऱ्यावर ठेवली. बीटा ब्लॉकर हे हृदयाची गती मंदावणारे औषध चालू असल्यामुळे त्यांची नाडी श्रमाच्या मानाने कमीच वाढते, म्हणून व्यायामाचा जोर नाडीवर न ठरवता भिंतीवरच्या बोर्ग तक्त्यावर, म्हणजे श्रम किती जाणवतात हे रुग्णाने स्वतः आकड्यात सांगायच्या तक्त्यावर, ठरवला जाई. 6 ते 20 पैकी 11 ते 13, म्हणजे श्रम जाणवावेत पण बोलता यावे, एवढाच. व्यायाम एकदम थांबवला तर रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते, म्हणून शेवटची काही मिनिटे वेग हळूहळू उतरवण्यावर त्यांचा कटाक्ष असे. साधी धाप थांबल्यावर थोड्या वेळात ओसरते. पण छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम वा घेरी आली तर मात्र तत्काळ थांबून सांगायचे, हा फरक वडिलांच्या मनात पक्का बसला, याचे सारे श्रेय त्या मुलीला.

तक्रारी आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. जिन्याला घाबरणाऱ्या रुग्णांचे हे केंद्र पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीत लिफ्ट नाही! चैत्र-वैशाखात दुपारची वेळ देणेही समजण्यापलीकडचे आहे. त्याहून मोठी उणीव नातेवाइकांच्या बाबतीत आहे. त्यांच्यासाठी एकच माहितीसत्र होते, तेही कामाच्या दिवशी सकाळी अकराला, त्यामुळे आई एकटी गेली आणि भाऊ राहिला. घरात “बसा हो, मी आणते” म्हणणारी माणसे बदलली नाहीत तर केंद्रात मिळवलेला धीर उंबरठ्यावरच ओसरतो, याची जाण असलेल्या केंद्राने तरी हे सत्र संध्याकाळी ठेवायला हवे होते. ठरलेली मुदत संपल्यावर साधा विचारपुशीचा फोनही आला नाही. खर्च आमच्या आरोग्य विम्यात बसला नाही. पॉलिसीत ओपीडी (दाखल न होता घेतलेले उपचार) नसेल तर आधीच विचारून घ्यावे.

वडील आता सकाळी आमराईत फेऱ्या मारतात, मध्ये बाकावर टेकतात आणि पुन्हा उठतात. गोळी खिशात असतेच. अँजिओप्लास्टी वा बायपासनंतर घरातले ज्येष्ठ हालचालच टाळत असतील, तर जिन्याची अडचण सोसूनही हे केंद्र पाहावे. मात्र नाव घालतानाच सकाळची वेळ मागून घ्यावी आणि पहिल्या दिवशी घरातल्या सर्वांत घाबरट माणसाला सोबत न्यावे.