तळपायाची आग आणि मुंग्या : आठ महिने औषधं घेतल्यानंतरचा अनुभव

मला शुगर आहे ११ वर्षं, शुगरची गोळी मेटफॉर्मिन पहिल्यापासून चालू. शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा वाटलं मशीनवर बसून बसून येत असतील, पण त्या जाईचनात, आणि मग रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळपायाची नुसती आग, मधेच करंट बसल्यासारखी कळ, पातळ चादर लागलेली सुद्धा सहन व्हायची नाही. फरशीवर पाय टेकवून दोन दोन वाजेपर्यंत बसून राहायचे. एका डॉक्टरांनी वयाचं कारण सांगून शक्तीच्या गोळ्या दिल्या, त्यात पाच महिने गेले, त्याचा मला अजून राग येतो.

काशाच्या वाटीने तूप चोळून घ्यायचे, त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. पायाचं मसाज मशीन पण मागवलं, पैसे वाया.

मग एकदा संध्याकाळी नात ओरडली, आजी तुझ्या पायात टाचणी! अंगठ्याखाली निम्मी टाचणी रुतलेली आणि मला पत्ताच नाही. एवढ्या आगीच्या पायाला टाचणी कळत नाही, हे बघून खरी घाबरले.

दुसऱ्या डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून बघितलं, पाच ठिकाणी मला कळलंच नाही, म्हणजे शुगरने पायाच्या नसा खराब झाल्यात. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ९.१, आणि बी-१२ पण बरंच कमी निघालं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं म्हणाले, त्यात आम्ही शाकाहारी. आधी बी-१२ ची इंजेक्शनं, नंतर गोळ्या, आणि रात्री नसांच्या दुखण्यावरची गोळी, प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅम.

पहिला आठवडा प्रीगाबालिनने गरगरायचं, सकाळी भिंत धरून चालायचे. तिसऱ्या आठवड्यापासून झोप लागायला लागली. डोस १५० केला तर घोट्यांवर सूज आणि वजन ३ किलो वाढलं, डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी परत ७५ वर आणलं. मनाने एकदम बंद करायची नाही ही गोळी, त्याने त्रास होतो.

सोबत कॅप्सायसिनचं मलम, म्हणजे मिरचीतला तिखटपणा. सुरुवातीला आग उलट वाढते, दिवसातून तीन-चारदा लावून तीन आठवडे धीर धरला तेव्हा फरक पडला. हात साबणाने नीट धुवा हो. मी सुईत दोरा ओवताना टोक ओठाने ओलं करते, एकदा मलम लावून तशीच कामाला बसले आणि ओठ तासभर जळत होते.

आज म्हणाल तर आग दहापैकी आठ होती ती तीनवर आलीय, पाच वाजेपर्यंत सलग झोपते. बधिरपणा मात्र होता तसाच आहे. दुखणं कमी झालं म्हणजे नस बरी झाली असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. शुगर आटोक्यात ठेवली तर पुढचं बिघडणं लांबवता येतं, एचबीए१सी आता ७.२ आहे. रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते, नात बोटांच्या बेचक्या बघते. घरातसुद्धा एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल घालते, मागे पट्टा असलेली, कारण साधी स्लीपर पायातून निसटली तरी मला कळायचं नाही. दिसायला जाड आहे, पण लग्नाला पण तीच घालून गेले. आणि टाचण्यांसाठी आता मशीनवर लोहचुंबक लावून ठेवलाय, उठायच्या आधी तो खालच्या फरशीवरून एकदा फिरवते.