सुळसुळीत केसांसाठी हेअर फोर्क: दोन दाते की तीन, लाकूड की धातू?

केस लांब, पण बारीक आणि सुळसुळीत असले की सकाळी घट्ट घातलेला अंबाडा तासाभरात मानेवर लोंबायला लागतो. क्लचर मिटतो खरा, पण त्याच्या दातांत धरायला पुरेसं काही येत नाही. सहा यू-पिना खोचल्या तर संध्याकाळी चारच सापडतात. काडी खोचली तर ती स्वतःभोवती फिरत फिरत हळूच बाहेर सरकते. हेअर फोर्क म्हणजे मोठ्या आकड्यासारखी, दोन ते पाच दात्यांची वस्तू. एकापेक्षा जास्त दाते असल्यामुळे तो काडीसारखा जागच्या जागी फिरू शकत नाही, म्हणून असल्या केसांना तो जास्त मानवतो. पण कुठलाही फोर्क चालत नाही, हे मी दोन-तीन देखणे फोर्क खणात टाकून शिकले.

निवडण्याआधी एक गोष्ट स्वतःशी ठरवून टाका: केस बारीक आहेत की विरळ? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खरेदीतला निम्मा घोळ इथेच होतो. केसाची जाडी साधारण 50 ते 100 मायक्रोमीटरच्या दरम्यान असते. बारीक केस खालच्या टोकाला. एकच केस दोन बोटांत धरून चोळला आणि काही लागलंच नाही, तर तो बारीक. विरळ की दाट हे मात्र पोनीटेलच्या घेरावरून कळतं. घेर 5 सेंटिमीटरच्या आत असेल तर केस विरळ, 10 च्या वर असेल तर दाट. बारीक पण दाट केसांचा अंबाडा चांगला टपोरा होतो आणि स्वतःच्याच वजनाने उतरतो. बारीक आणि विरळ केसांचा अंबाडा इतका चपटा होतो की जाड दात्यांना त्यात जागाच मिळत नाही. दोघींना एकच फोर्क सुचवणं म्हणजे दोघींना एकाच मापाची चप्पल देणं.

फोर्क नुसत्या अंबाड्याला धरत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. दाते आधी गुंडाळीच्या कडेचे थोडे केस उचलतात, मग डोक्यालगतचे ताणलेले केस पकडतात आणि पलीकडच्या कडेतून वर येतात. शिवणाच्या धावदोऱ्यासारखं वर, खाली, वर. वरून गुंडाळी दाबते, खालून डोक्यालगतचे केस ढकलतात आणि त्या दाबावर सगळं उभं राहतं. सुळसुळीत केसांत घर्षण कमी, त्यामुळे हा दाब कायम ठेवेल असा आकार लागतो. माझ्या अनुभवात दात्यांचा आकार आधी, लांबी नंतर आणि साहित्य सगळ्यात शेवटी. दुकानात मात्र आपण नेमके उलट्या क्रमाने बघतो.

सरळ, वाकडे आणि नागमोडी दाते

सरळ दात्यांचा फोर्क खोचायला सोपा, तितकाच निसटायलाही. डोकं गोल आणि दाते सरळ, त्यामुळे टोकं एक तर टाळूला टोचतात नाही तर केसांवरून वरच्या वर निघून जातात. जाड, खरखरीत केसांना त्याने काही फरक पडत नाही. आपल्याला पडतो.

डोक्याच्या गोलाईप्रमाणे हलकी कमान असलेले दाते बरेच बरे. टोकं आत जाताना टाळूलगतचे केस उचलतात आणि पुन्हा वर वळतात, त्यामुळे फोर्कला मागे सरकायला सरळ वाट उरत नाही. मात्र कमान फार खोल असेल तर चपटा अंबाडा तिच्या पोटात सैल पडतो. विरळ केसांना उथळ कमानच घ्यावी.

सगळ्यात घट्ट पकड नागमोडी दात्यांची. तारेचे साधे आकडे मधे वळणावळणाचे असतात ते उगाच नाही. प्रत्येक वळणाशी केस अडकून थांबतो. धातूच्या दोन-दाती फोर्कमध्ये असा आकार मिळतो. त्याचा तोटा काढताना कळतो. ओढून काढाल तर बारीक केस तुटतात. अंबाडा आधी हाताने सैल करून मग फोर्क सावकाश बाहेर घ्यावा लागतो. घाईत ओढायची सवय असेल, तर कमानीचाच बरा.

दोन, तीन, चार

दोन दाते जवळजवळ असतील तर ते चिमट्यासारखे काम करतात. विरळ केसांना हे पुष्कळ झालं, कारण लहान अंबाड्यात तिसऱ्या दात्याला जागा करताना गुंडाळीच विस्कटते. दात्यांमधलं अंतर जरूर बघा: रुंद फट दिसायला छान, पण सुळसुळीत केस त्या फटीत इकडून तिकडे सरकतात आणि अंबाडा डोलायला लागतो.

बारीक पण दाट केसांना तीन दाते. वजन तीन जागी वाटलं जातं आणि फोर्क कलत नाही. दाते बारीकच हवेत; पेन्सिलीएवढे जाड दाते गुंडाळीला आतून ढकलतात आणि पकड उलट सैल होते. चार-पाच दात्यांचे फोर्क मी सुचवणार नाही. ते पसरट अंबाड्यांसाठी असतात आणि आपल्याकडे तेवढा ऐवज नसतो.

लांबी

लांबी मोजताना सजावटीचा माथा धरायचा नाही; माथा संपतो तिथपासून टोकापर्यंतची, म्हणजे केसांत जाणारी लांबी बघायची. विक्रेते बहुतेक वेळा पूर्ण लांबी सांगतात, म्हणून विचारून घ्या. अंबाडा घालून त्याची रुंदी पट्टीने मोजा आणि त्यात साधारण 2 सेंटिमीटर मिळवा. 6-7 सेंटिमीटरच्या अंबाड्याला 8-9 सेंटिमीटरचे दाते पुरतात. आखूड पडले तर पलीकडची कड पकडलीच जात नाही. जास्त लांब घेतले तर टोकं खुर्चीच्या पाठीला किंवा कॉलरला लागतात आणि फोर्क तरफेसारखा उचकटतो.

लाकूड, अ‍ॅसिटेट, धातू

लाकूड हलकं आणि केसांना किंचित अडवणारं. नुसतं तेल किंवा मेण लावलेलं लाकूड घ्या. आरशासारखं चकचकीत लॅकर चढवलेलं लाकूड प्लास्टिकइतकंच निसरडं होतं. लाकडाच्या रेषा दात्याच्या लांबीने धावत आहेत ना, हे पाहा. आडव्या रेषांचा दाता एक दिवस काटकन तुटतो. माझा तुटला तो असाच, नक्षी सुंदर होती म्हणून घेतलेला. ओल्या केसांत लाकूड घालू नये: ते फुगतं, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि मग केस ओढतं.

अ‍ॅसिटेट, म्हणजे प्लास्टिकचाच एक प्रकार, गुळगुळीत असतं, पाण्याला घाबरत नाही आणि किंचित लवचिक असतं. पकड लाकडापेक्षा कमी, पण कमान चांगली असेल तर ती उणीव भरून निघते. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकमध्ये दात्याच्या कडेला जोडाची उभी रेघ राहते, नखाने जाणवते. तीच बारीक केस कापते. कासवाच्या पाठीसारखे ठिपके आज दिसतात ते बहुधा अ‍ॅसिटेटचेच. ज्या कासवाच्या कवचापासून असे फोर्क पूर्वी बनत, त्या हॉक्सबिल जातीच्या सर्व कासवांचा समावेश 1977 मध्ये सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सर्वांत कडक यादीत झाला. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचे फोर्क कुणी कौतुकाने दिले तर ठेवा, पण हेअर ड्रायर आणि आगीपासून लांब. ते चटकन पेट घेतात.

धातूचा फायदा असा की तो बारीक करूनही मजबूत राहतो. चपट्या, विरळ अंबाड्याला नेमके असेच दाते लागतात. अडचण वजनाची. पितळ पाण्याच्या सुमारे साडेआठ पट जड, पोलाद पावणेआठ पट, टायटॅनियम साडेचार पट. म्हणून भरीव पितळी फोर्क सुळसुळीत केसांत कितीही खोचला तरी खाली ओढतो. बारीक तारेचा पोलादी चालतो. टायटॅनियम परवडत असेल तर उत्तम. माथ्यावरचे खडे आणि फुलं यांनाही हाच हिशेब: माथा दात्यांपेक्षा जड झाला की फोर्क मागे झुकतो आणि आपणहून बाहेर येतो.

मग घ्यायचा कुठला?

केस बारीक आणि विरळ असतील तर जवळजवळ असलेल्या दोन दात्यांचा, नागमोडी, बारीक तारेचा धातूचा फोर्क. बारीक पण दाट असतील तर तीन दात्यांचा, उथळ कमानीचा, तेल लावलेला लाकडी. केस लगेच तुटतात असं वाटत असेल तर घेर काहीही असो, अ‍ॅसिटेटचा कमानदार. पकड थोडी कमी पडेल, पण केस वाचतील.

घेतलेला फोर्क पहिल्याच दिवशी नापास करू नका. नुकतेच धुतलेले, कंडिशनर लावलेले केस सगळ्यात निसरडे असतात. दुसऱ्या दिवशी तोच फोर्क टिकतो. तरीही उतरत असेल तर केसांची आधी सैल वेणी घाला आणि वेणीचा अंबाडा घाला, वेणीच्या पेडांत दाते अडकतात. खोचताना टोकं अंबाड्याच्या बाहेरच्या दिशेला धरायची, कडेचे थोडे केस उचलायचे, फोर्क उभा करून उलटा फिरवायचा आणि टाळूला घासत मध्याखालून पलीकडे न्यायचा. शेवटच्या टप्प्यात थोडा जोर लागला पाहिजे. लोण्यात सुरी जावी तसा आत गेला, तर बाहेरही तसाच येणार; काढा आणि पुन्हा खोचा.