कूलिंग पॅड घ्यावं की लॅपटॉप आतून साफ करून घ्यावा?

सांगलीत विश्रामबागला राहणारा माझा भाचा या पेचात आहे. (कूलिंग पॅड म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायचा पंखेवाला स्टँड.) गेम सुरू केला की लॅपटॉप तापतो, पंखा घोंघावतो.

त्याला माझं सांगणं: दोन्हींचा खर्च साधारण हजार-दीड हजाराच्या घरात, त्यामुळे पैशावरून ठरवू नकोस रे.

खरा फरक परिणामात आहे. पॅड खालून हवा देतं, पण हीटसिंकच्या (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पट्ट्यांत धूळ साचली असेल तर ती हवा आत जेमतेम पोचते. शिवाय प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे पोचवणारा लेप) काही वर्षांत सुकते, उष्णता चिपपाशीच अडकते. तापमान ९५-१०० अंशांवर गेलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळतो. आवाजाचंही तसंच: पॅडचे पंखे त्यात भरच घालतात, साफसफाईनंतर मूळचा पंखाच सावकाश फिरतो.

मेहनत पॅडला काहीच नाही. साफसफाईसाठी लॅपटॉप उघडायचा असेल तर आधी वॉरंटी बघ. चालू असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच दे.

लॅपटॉप दोन-तीन वर्षं वापरलेला असेल तर साफसफाई आणि नवी पेस्ट. नवा असेल आणि सांगलीच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तासन्‌तास खेळत असशील, तर पॅड घे. त्याआधी मागची बाजू थोडी उचलून ठेव आणि गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधून बघ, हे फुकट आहे.